उंदीर रोज नऊला का थांबतो? बेमेळ रिचार्जेबल सेल सिरीजमध्ये जोडल्यावर होणारा घोटाळा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी यंदा गणपतीपुढे मान हलवणारा उंदीर बसवला होता. पुठ्ठ्याचं अंग, कापसाचे कान, पोटात एसजी-९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर), त्याला हुकूम सोडणारा आर्डुइनो ऊनो हा छोटा संगणकी बोर्ड, भाच्याच्या आवाजातलं ‘मोरया!’ आणि घंटा वाजवणारं डीएफप्लेअर मिनी मॉड्यूल, शिवाय मोदकांच्या ताटाभोवती सहा एलईडी. इंदूरच्या पोरांना झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचं, वेड उपजतच असतं. हुकुमचंद ही कापड मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्या मिलाही गेल्या. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या अजून निघतात, आणि त्या पाहून आलेला मुलगा वर्षभर पुठ्ठे कापत बसतो. आमचा त्यातलाच.

ॲडॅप्टर लावून भिंतीतली वीज घेतली असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण विसर्जनाला उंदीर हातगाडीवर बाप्पांच्या पायाशी बसून मान हलवत गेला पाहिजे, अशी भाच्याची अट. म्हणून चार पेन्सिल सेलचा होल्डर, चारही सेल रिचार्जेबल, एकामागे एक सिरीजमध्ये. शाळेच्या पुस्तकात ‘एकसर जोडणी’ म्हणतात ती हीच.

पहिल्या दिवशी आरती आटोपून सव्वासातला उंदीर सुरू केला. नऊ वाजून पाच-दहा मिनिटांनी त्याची मान अर्ध्यावर अडकली, एलईडी मंद झाले, आणि मग ‘मोरया! ... मोरया! ... मोरया!’ असं दर दोन सेकंदांनी पहिल्यापासून सुरू. आजीला वाटलं, मुद्दामच तसं केलंय. बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं की तीन-चार मिनिटं अगदी ठणठणीत चाले, की पुन्हा तेच. रात्री चार्जिंग, दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. तिसऱ्या दिवशीही नऊ. वेळ एवढी पक्की होती की शेजारचे काका म्हणाले, ‘उंदराला घड्याळ कळतं, कोडमध्ये कुठेतरी टायमर राहिलाय बघा.’

कोडमध्ये टायमर नव्हता. तरी मी कोड तीनदा वाचला, हे कबूल करतो. मग सर्व्होवर संशय गेला. मान अडकली की सर्व्हो जास्त करंट ओढतो, हे खरंच आहे, म्हणून महाराणी रोडवरून दुसरा सर्व्हो आणला. वीजपुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटके सावरणारा) टाकला. त्याने ‘मोरया’मधला खरखराट गेला, पण नऊचे सव्वानऊसुद्धा झाले नाहीत. यात दोन संध्याकाळी आणि अडीचशे रुपये गेले. तुमचंही यंत्र रोज ठरावीक वेळेला मान टाकत असेल, थोड्या विश्रांतीने पुन्हा उठत असेल आणि पुन्हा पडत असेल, तर कोड आणि सर्व्हो बाजूला ठेवा. सेल बघा. आणि ते मी बघितले तसे बघू नका.

मी आधी कसे बघितले, तर यंत्र बंद केलं, सेल बाहेर काढले आणि मल्टिमीटर लावला. १.२८, १.२७, १.२९, १.१९. बेरीज ५.०३ व्होल्ट. चौथा जरा कमी आहे, पण एवढा-तेवढा फरक चालायचाच, असं म्हणून सेल परत आत टाकले. चूक झाली ती इथे. भार नसलेला, म्हणजे काहीच चालवत नसलेला, सेल लबाड असतो. निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे नेहमीच्या रिचार्जेबल जातीचा, रिकामा झालेला सेलसुद्धा दोन-चार मिनिटं मोकळा ठेवला की त्याचा व्होल्टेज वर सरकतो आणि तो भरल्यासारखा दिसतो. दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर उंदीर तीन मिनिटं का नाचत होता, त्याचं उत्तर यातच होतं, फक्त मला तेव्हा दिसलं नाही.

खरी तपासणी चौथ्या दिवशी केली. उंदीर चालू ठेवून, नऊ वाजायची वाट पाहत, सेल होल्डरमध्येच असताना प्रत्येक सेलच्या दोन टोकांना मीटरच्या काड्या लावल्या. नेहमीच्या होल्डरमध्ये सेल एकाआड एक उलट बसतात, म्हणून लाल काडी प्रत्येक वेळी त्या-त्या सेलच्या बोंडावर (धन टोकावर) येईल याची खात्री करून घेतली. सेलना अ, ब, क, ड अशी नावं दिली होती. अ १.२४, ब १.२३, क १.२५. ड वर काडी लावली आणि मीटरने आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह दाखवलं: उणे ०.२१.

मी काड्या उलट लावल्या असतील म्हणून पुन्हा पाहिलं. तेच. सेलचं धन टोक ऋण झालं होतं. तो वीज देत नव्हताच, उलट बाकीच्या तिघांच्या कमाईतली खात होता. एकूण बेरीज ३.५१ व्होल्ट. ऊनोवरच्या एटमेगा ३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झवर भरवशाने चालायला साधारण पावणेचार व्होल्टच्या वर वीज लागते. सर्व्होने एक हिसका दिला की ३.५१ चे आणखी खाली, २.७ व्होल्टला चिप स्वतःच रीसेट होते, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू, आणि म्हणून ‘मोरया! मोरया!’

आता ड हा कोण? भाच्याने ड्रॉवरमधून सापडेल तो उचलला होता. अ, ब, क जुन्या कॅमेऱ्यासाठी घेतलेले, अंगावर २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले. ड चं वेष्टन फाटलेलं, आकडा गायब. हातात घेतला तरी हलका लागत होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अ भरला २६ ग्रॅम, ड १५. (सराफ्यात नेला असता तर त्यांनी मिलिग्रॅमपर्यंत सांगितलं असतं, पण रात्री तिथे खाऊगल्ली भरते, गेलं की भुट्ट्याचा कीस खाऊनच परत यावं लागतं.) मग आठवलं. बागेतल्या सोलर दिव्याचा तो सेल. अशा दिव्यांत बहुधा ६०० एमएएचच्या आसपासचे सेल घालतात, कारण रात्रभर एक छोटासा एलईडीच तर पेटवायचा असतो. आकार तोच, होल्डरमध्ये बसतो तोच, व्होल्टेजही तोच १.२. म्हणूनच फसायला होतं.

नुसत्या अंदाजावर सोडायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकाची क्षमता मोजली. याला महागडं यंत्र लागत नाही. सेल पूर्ण चार्ज करायचा, त्याच्या दोन टोकांना ४.७ ओहमचा रेझिस्टर लावायचा (एक वॅटचा घ्या, पाव वॅटचा चटका बसण्याइतका तापतो) आणि घड्याळ लावून बसायचं. १.२ ला ४.७ ने भागलं की सुमारे २५५ मिलिअँपिअर येतात. दर अर्ध्या तासाने व्होल्टेज बघायचा, शेवटी-शेवटी दर पाच मिनिटांनी, आणि एक व्होल्ट झाला की रेझिस्टर काढायचा. तास गुणिले मिलिअँपिअर केलं की एमएएच. चार सेल, चार वेगळे रेझिस्टर, एक रविवार. अ सात तास दहा मिनिटं, म्हणजे १८३० च्या आसपास. ब सहा तास पन्नास, १७४०. क सात तास वीस, १८७०. ड एक तास पन्नास मिनिटांत आडवा: ४७०. उंदराचा सरासरी खप मीटरवर २५० मिलिअँपिअर निघाला. ४७० ला २५० ने भागा: एक तास त्रेपन्न मिनिटं. सव्वासातात ते मिळवा. नऊ वाजून आठ मिनिटं. काकांना ज्याची शंका होती ते घड्याळ हे होतं.

ही चाचणी करताना सेल विसरून बाहेर जाऊ नका. एक व्होल्टच्या खाली तो रेझिस्टरवर तसाच राहिला तर ज्या दुखण्याचा शोध घेताय ते निरोग्यालाही लावून द्याल.

आता कारण. सिरीज जोडणीत सगळ्या सेलमधून एकच करंट जातो. कुणाची ऐपत किती, हे करंट विचारत नाही. आमच्याकडे पोळा गणपतीच्या आधी चारच दिवस असतो, म्हणून बैलांचं उदाहरण डोक्यात आलं. एकाच जुवाला तीन दांडगे बैल आणि एक गोऱ्हा जुंपलात, तर गोऱ्हा दमला म्हणून बाकीचे थांबत नाहीत. ते ओढतात आणि गोऱ्ह्यालाही ओढतात. बैलांच्या बाबतीत निदान गोऱ्हा पुढेच फरफटतो. सेल उलट्या दिशेने फरफटतो. ड रिकामा झाला तेव्हा अ, ब, क मध्ये मिळून पावणेचार व्होल्टचा जोर शिल्लक होता, आणि त्या जोराने करंट ड मधून तसाच पुढे ढकलला. ज्या सेलमध्ये द्यायला काही उरलेलं नाही, त्याच्यातून करंट ढकलणं म्हणजे त्याला उलट्या बाजूने चार्ज करणंच.

निकेल मेटल हायड्राइड सेलमध्ये अशा वेळी धन पट्टीवर हायड्रोजन तयार होतो. थोडासा ऋण पट्टी शोषून घेते, पण फार झाला तर आत दाब वाढतो आणि बोंडाखालची सुरक्षा झडप उघडते. त्यातून वायूबरोबर इलेक्ट्रोलाइटही पाझरतो. ड च्या बोंडाभोवती पांढरी भुकटी दिसली ती याचीच. आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे जहाल अल्कली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी कार्बोनेटची पूड होते. ती बोटाने खरवडू नका. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन होल्डरच्या स्प्रिंगा पुसा, मग कोरड्या कापडाने. लिंबानेही काम होतं, पण नंतर पाण्याचा ओला बोळा फिरवा, नाहीतर स्प्रिंग गंजेल. एकदा उलटा झालेला सेल लगेच मरतोच असं नाही, पण प्रत्येक वेळी त्याची क्षमता थोडी कमी होते, म्हणजे पुढच्या वेळी तो आणखी लवकर उलटतो. ६०० चे ४७० कसे झाले, ते असे.

एक गोष्ट मात्र आधी बाजूला काढायला हवी. कधी-कधी सेल निर्दोष असतो आणि होल्डरची स्प्रिंग गंजलेली असते. लक्षणं जवळजवळ तीच: भार आला की व्होल्टेज पडतो, भार गेला की ठीक. ओळखायची रीत अशी की चालू यंत्रात एक काडी सेलच्या बोंडावर आणि दुसरी त्या बोंडाला टेकलेल्या पत्र्यावर लावा. तिथे दहा-वीस मिलिव्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर दोष स्पर्शाचा आहे. आमच्याकडे तो नव्हता.

ड काढला, जेल रोडवरून २००० एमएएचचा नवा सेल आणला, वेष्टनावर लिहिलेलं वाचून. रात्री चारही भरले. उंदीर सव्वासात ते सव्वाअकरा न थांबता चालला. आजीने त्याच्यापुढे एक मोदक ठेवला. प्रश्न सुटला असं मी त्या रात्री भाच्याला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी ‘मोरया! मोरया! मोरया!’

मीटर लावला. नवा ड १.२३, अ आणि क त्याहून वर, आणि ब उणे ०.१. काल निर्दोष सुटलेला ब आज आरोपी. सातशे-आठशे नव्हे, चांगली १७४० क्षमता मोजलेला सेल तीन तासांत कसा आटला? भाच्याला विचारलं, काल रात्री चार्ज केले होतेस ना? ‘हो मामा, दोन केले. चार्जरला खाचा दोनच आहेत. आज दुसरे दोन करणार होतो.’

त्याचा विचार चुकीचा नव्हता, त्याने आळीपाळी लावली होती, जशी घरात बादल्या भरायची लावतात. पण हिशेब पाहा. पहिल्या रात्री चार तास चाललं, म्हणजे प्रत्येकातून हजार एमएएच गेले. रात्री अ आणि क भरले, ब आणि नवा ड तसेच. दुसऱ्या संध्याकाळी ब मध्ये उरले ७४०. ७४० भागिले २५०, तीन तासांना थोडे कमी. सव्वासात अधिक तीन तास. इथे चारही सेलच्या क्षमता जवळपास सारख्या होत्या, पण पोट सारखं भरलेलं नव्हतं, आणि सिरीजला एवढंही पुरतं. बेमेळ म्हणजे फक्त लहान-मोठा सेल असं समजून मी थांबलो होतो. भरलेला आणि अर्धा हीसुद्धा बेमेळ जोडीच.

मग चार्जरकडे पाहिलं. दोन खाचा आणि दिवा एकच. हे लक्षण ओळखून ठेवा. अशा बहुतेक स्वस्त चार्जरमध्ये दोन सेल आतून सिरीजमध्येच असतात, किंवा दोघांचा निवाडा एकत्र होतो. दोन्ही बाजूंना सारखाच माल टाकला तर ठीक. पण पहिल्या आठवड्यात या चार्जरमध्ये ब आणि सोलर दिव्याचा तो जुना ड शेजारी-शेजारी रात्रभर बसत होते. ड दोन-अडीच तासांत भरत असेल, आणि पुढे सकाळपर्यंत तो फुकट तापत असेल. निकेल मेटल हायड्राइड सेल हळूवार जादा चार्ज सहन करतो: आत तयार होणारा ऑक्सिजन पुन्हा पचवतो, पण त्यातून उष्णता निघते, आणि उष्णतेने आयुष्य घटतं. म्हणजे बिचाऱ्याची संध्याकाळी उपासमार आणि रात्री सक्तीचं जेवण.

चार खाचांचा, प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा असलेला चार्जर घेतला. असा चार्जर प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा बघतो. सेल भरला की त्याचा व्होल्टेज शिखर गाठून काही मिलिव्होल्ट खाली उतरतो, आणि तेवढ्या उतारावरून चार्जर त्या खाचेचा पुरवठा तोडतो. सगळ्या खर्चात हा एकच खर्च असा होता जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. सर्व्हो नाही आणि कपॅसिटर तर नाहीच.

चार सेलही एका पाकिटातले, एकाच वेळी घेतलेले टाकले. नव्या सेलचं पाकीट फोडल्यावर ते तसेच वापरू नका, आधी चारही पूर्ण भरून घ्या. कमी स्व-विसर्गाचे (नुसते ठेवले तर हळूहळू उतरणारे) सेल दुकानातून अर्धवट भरलेले येतात आणि चौघांचं भरणं सारखं असेलच असं नाही. त्यांच्या अंगावर पांढरी चिकटपट्टी लावून ‘उंदीर १’ ते ‘उंदीर ४’ असं लिहिलं आणि खाली महिना-वर्ष. एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे, आणि टीव्हीच्या रिमोटचा सेल संपला तरी यातला एकही पळवायचा नाही. हा शेवटचा नियम घरात पाळून घेणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे. अ, ब, क फेकले नाहीत. ते घड्याळात, रिमोटमध्ये एकेकटे छान चालतात.

ताजे भरलेले चार सेल भाराखालीही सुरुवातीला ५.४ व्होल्टच्या आसपास देतात. चिपला ते चालतं, पण आवाजाच्या मॉड्यूलला जास्त होतं, म्हणून त्याच्या वाटेत एक १एन४००७ डायोड टाकला. सुमारे ०.७ व्होल्ट तिथे गळतात. हे जाता-जाता.

कोडमध्ये एक पहारेकरीही बसवला. एटमेगाच्या पोटात १.१ व्होल्टचा स्वतःचा संदर्भ असतो. पुरवठ्याच्या तुलनेत तो मोजला की उलट्या त्रैराशिकाने पुरवठ्याचा व्होल्टेज कळतो, बाहेरून एक तारही लावावी लागत नाही. प्रत्येक चिपचा १.१ अगदी १.१ नसतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून आकडा दुरुस्त करून घ्या. पुरवठा ४.४ च्या खाली थोडा वेळ टिकून राहिला की उंदीर मान सरळ करतो, एलईडी विझवतो आणि झोपतो. ४.४ का? चार सेल म्हणून प्रत्येकी १.१. मी आधी ४.० ठेवणार होतो, मग कागदावर मांडून पाहिलं. तीन सेल १.२५ ला आणि एक दमलेला असेल तर ४.० ची घंटा वाजेपर्यंत तो बिचारा पाव व्होल्टवर आलेला असतो, उलटायच्या उंबरठ्यावर. ४.४ ला तो ०.६५ वर असतानाच पकडला जातो.

पण या पहारेकऱ्यावर फार विसंबू नका. आठ सेलच्या पॅकमध्ये ही युक्ती फसते. सात सेल १.२५ ला असले तर त्यांचेच पावणेनऊ व्होल्ट होतात. प्रत्येकी १.१ धरून ८.८ ची सीमा ठेवली, तर ती लागते तोवर आठवा सेल ०.०५ वर, म्हणजे जवळजवळ शून्यावर. एकच्या हिशेबाने आठची ठेवली, तर तो पाऊण व्होल्ट उणे झालेला असतो आणि घंटा तेव्हा कुठे वाजते. सेल जितके जास्त, तितकी बेरजेत एकाची बोंब बुडून जाते. म्हणून महिन्यातून एकदा तरी यंत्र चालू असताना एकेक सेल मोजायचा. त्याला पर्याय मला सापडला नाही.

उंदराचं वाचून कुणी अल्कलाइन सेल मिसळायचा विचार करत असेल, तर तेही नको. नव्या अल्कलाइनचा व्होल्टेज १.५, म्हणून बेरीज सुरुवातीला छान दिसते. पण दोन जातींचे सेल वेगवेगळ्या वेळी संपतात आणि जो आधी संपतो त्याचा वरच्यासारखाच निकाल लागतो. शिवाय चुकून तो अल्कलाइन चार्जरमध्ये गेला तर फुटून गळतो.

आता भाच्याचा पुढचा बेत. त्याला मित्राकडून जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन १८६५० (नळीसारखे, लिथियम आयनचे) सेल मिळाले, एकावर २६०० आणि दुसऱ्यावर २२०० लिहिलेलं. ‘मामा, दोनच सेल सिरीजमध्ये लावले की ७.४ व्होल्ट. उंदीर आणि मोर दोन्ही चालतील.’ त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. निकेलचे सेल चुकीला थोडी सूट देतात, लिथियम देत नाही. लिथियम आयनचा सेल ४.२ व्होल्टच्या वर ढकलायचा नसतो, आणि जादा चार्ज पचवायची सोय त्याच्यात नसते. एक ४.२ वर पोचलेला आणि दुसरा ३.९ वर मागे राहिलेला असताना ८.४ व्होल्टचा चार्जर लावलात तर चार्जरला बेरीज कळते, वाटणी कळत नाही. बेरीज ८.४ होते तेव्हा पहिला ४.३५ वर गेलेला असतो. उलट बाजूने, सेल दोन व्होल्टच्या खाली फार गेला तर आतल्या तांब्याच्या पट्टीचं तांबं विरघळू लागतं. पुढे चार्ज करताना ते भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, आणि लिथियम सेलचा शॉर्ट म्हणजे आग. असा सेल चार्जरवर ‘जिवंत झाला’ म्हणून आनंद मानू नका, तो टाकून द्या.

सिरीजमध्ये लिथियम हवंच असेल तर एकाच मेक-मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले, क्षमता मोजून जुळवलेले दोन सेल आणि वर दोन सेलचं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), तेही समतोल साधणारं. नुसतं संरक्षण देणारं बीएमएस पहिला सेल साधारण ४.२५ ते ४.३ ला पोचला की चार्जिंग तोडतं, पण मागे पडलेल्याला पुढे आणत नाही. आणि बाजारात अंगावर ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० मिळतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन-चार हजारांच्या पलीकडे जात नाही. आकड्यातच खोटं बोलणारा सेल दुसऱ्याशी जुळवणार कसा?

भाच्याने यावर स्वतःच एक उपाय काढला होता, तो ऐकून मला घाम फुटला. टीपी४०५६ ची दोन छोटी चार्जिंग बोर्डं, प्रत्येक सेलला एक, दोन्ही एकाच यूएसबी ॲडॅप्टरवर, सेल सिरीजमध्ये जोडलेलेच ठेवून. ऐकायला पटतं: प्रत्येकाला वेगळा चार्जर, वर आपण तेच तर शिकलो! पण त्या दोन बोर्डांची ऋण तार एकाच ॲडॅप्टरमध्ये एकत्र येते. सिरीजमध्ये वरच्या सेलचं ऋण टोक खालच्याच्या धन टोकाला जोडलेलं असतं. म्हणजे खालच्या सेलची दोन्ही टोकं ॲडॅप्टरमधून एकमेकांना भिडतात आणि सरळ शॉर्ट. एक तर सेल सुटे करून भरा किंवा एकमेकांशी संबंध नसलेले दोन वेगळे ॲडॅप्टर घ्या. आम्ही एकच सेल, एक टीपी४०५६ आणि व्होल्टेज वाढवून पाच व्होल्ट देणारा बूस्ट कन्व्हर्टर यावर तडजोड केली. जिथे एकच सेल, तिथे बेमेळ व्हायला दुसरा कोणी नाही. पण तेही पुढच्या वर्षीच्या मोरासाठी.

जुना ड घरातल्या ई-कचऱ्याच्या डब्यात गेला. त्याच्या टोकांना आधी चिकटपट्टी लावली. सोलर दिव्यांतले जुने सेल निकेल-कॅडमियमचे असू शकतात, आणि कॅडमियम विषारी, म्हणून ओल्या-सुक्यात टाकायचा प्रश्नच नव्हता. सकाळच्या कचरागाडीला त्याचा कप्पा वेगळा असतो, तिथे भाच्याने तो स्वतःच्या हाताने टाकला.

विसर्जनाच्या मिरवणुकीत उंदीर साडेपाच तास चालला, एकदाही ‘मोरया’वर अडकला नाही. घरी येऊन चालू यंत्रात चारही सेल मोजले: १.२१, १.२१, १.२०, १.२१. मान वळवताना तो आता करकरतो. पण ती सर्व्होच्या आतल्या प्लॅस्टिकच्या दातांची झीज आहे. मी विनाकारण आणलेला दुसरा सर्व्हो तेवढ्यासाठी कामी येईल.